मागची गाडी

डिंडोली, सुरत
११ जून २०२३

आबा, नमस्कार.

तुमच्या कानाचं यंत्र शिट्टी मारतं, फोनवर काही कळत नाही, असं तुमचा चेतन म्हणाला. म्हणून पत्र लिहितो आहे. धुळ्याच्या लक्झरीवाल्याकडे देतो. तो साक्रीच्या स्टँडवर किराणा दुकानात ठेवेल. उत्तरही त्याच्याकडेच द्या.

तुम्ही गावी गेल्यापासून आपलं मयत गावी पोचवायचं मंडळ माझ्याकडे आहे. वडील असते तर त्यांना आनंद झाला असता, असं लोक म्हणतात. शाळा सुटली की ते तुमच्या ओसरीवर येऊन मंडळाचा हिशोब लिहायचे, ते सगळ्यांना आठवतं. मला एवढंच दिसतं की मंडळ माझ्या हातात बसत नाही.

परवा उधन्यात एक माणूस गेला. नवापूरच्या पुढचा, लूमवर होता. मयताची गाडी वेळेवर आली. सोबत जाणाऱ्यांच्या मागच्या गाडीत तिघेच होते, त्यातला एक मी. बारडोलीला चहाला थांबलो तेव्हा मयताचा भाऊ म्हणाला, "आबा असते तर मागची गाडी कमी पडली असती." मी चहा प्यालो.

गावी पोचल्यावर तुम्ही सांगायचात तसंच झालं. लोकांनी पुढच्या गाडीकडे पाहिलं नाही. मागच्या गाडीतून कोण उतरतं ते पाहिलं. आम्ही उतरलो. मग ते पुढच्या गाडीकडे वळले.

मी पाळ्या लावल्या आहेत. ज्या आठवड्यात ज्यांची पाळी, त्यांनी त्या आठवड्यात तयार राहायचं. हर्षलने फोनवर ग्रुप केला. तो एम्ब्रॉयडरीच्या मशीन चालवतो, हुशार आहे. कोणी गेलं की मी ग्रुपवर लिहितो, "कृपया पाळीच्या सभासदांनी यावे." अंगठे येतात. माणसं येत नाहीत.

तुम्ही काय करायचात? मी फक्त पाहिलं आहे की तुम्ही गल्लीत उभं राहून बोट दाखवायचात आणि माणूस गाडीत चढायचा.

काकूंना परवा भेटलो. बऱ्या आहेत.

निखिल


बोरखेडी, ता. साक्री
१८ जून २०२३

चि. निखिल, आशीर्वाद.

मी बोट दाखवायचो, एवढंच करायचो. नाव घेत नव्हतो. नाव घेतलं की माणूस कारण सांगतो. बोट दाखवलं की तो उठतो.

तू कृपया लिहितोस. मयताला कृपया नसते. लग्नाला असते.

तू काकू बरी आहे लिहिलंस. मला ठाऊक आहे, ती बरी नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर जाते ती बरी कशी? इथे तालुक्याला मशीन आहे, पण ते बंदच असतं, म्हणून ती चेतनकडे आणि मी इथे. जमिनीचं कोणीतरी बघायला हवं.

आता तुला सरळ सांगतो. आम्ही सुरतेला गेलो तेव्हा हे गाव हसलं होतं. म्हणायचे, गेले लूमचं तेल खायला, मेले तर कुत्रं विचारणार नाही. मग आमचं पहिलं मयत आलं, आणि त्याच्यामागे भरून गाडी आली. त्या दिवसापासून गाव हसायचं थांबलं. मंडळ त्यासाठी आहे.

तुझ्या काकूचं, प्रमिलाचं, म्हणणं एकच आहे. मला गावी न्या आणि मागे गाडी भरलेली असू द्या. डिंडोलीतल्या अर्ध्या लोकांना पहिले सहा महिने तिनेच जेवायला घातलं आहे. तिचं म्हणणं जास्त नाही. तेव्हा मंडळ उभं कर. मी माझ्या गरजेचंच बोलतो आहे असं समज.

शालिग्राम


सुरत
२ ऑगस्ट २०२३

आबा,

बोट दाखवून पाहिलं.

काल संध्याकाळी चहाच्या टपरीपाशी माणसं होती. निरोप आला होता, पांडेसऱ्यात एक म्हातारी गेली होती. मी एकाकडे बोट केलं. त्याने मागे वळून पाहिलं, मी कोणाला दाखवतो आहे म्हणून. बाकीचे हसले. एक म्हणाला, "हाऊ बँकवाला आम्हले हुकूम दी ऱ्हायना!" दुसरा म्हणाला, "साहेब, आधी लोन पास करा, मग कुठं म्हणाल तिथं चलतो." मीही हसलो. हसायला नको होतं, हे हसताना कळलं.

म्हातारीच्या मागे गाडी गेली नाही. तिचा जावई मोटारसायकलवर मागे गेला.

हर्षल म्हणतो, लोक वाईट नाहीत, पण त्यांना काही वाटतच नाही. त्याचं म्हणणं, काहीतरी वाटायला लावलं पाहिजे.

मी बँकेत तेरा माणसांवर आहे. तिथे मी सांगतो ते होतं. ते मी सांगतो म्हणून होतं, असं मला वाटत होतं.

काकूंच्या हाताला सूज आहे. तुमच्याबद्दल विचारत होत्या, कणीस कोणी भाजून देतं का म्हणून.

निखिल


बोरखेडी
१० ऑगस्ट २०२३

चि. निखिल,

हसू आलं कारण त्यांचं काही जात नाही. न येणाऱ्याचं काही गेलं पाहिजे.

मंडळाला रोखून धरता येईल अशी एकच गोष्ट आहे. जो दुसऱ्याच्या दारी जात नाही, त्याच्या दारी आपण जायचं नाही. दोन पाळ्या चुकल्या की संपलं. एकदा बोल आणि एकदा करून दाखव. दुसऱ्यांदा करावं लागणार नाही.

मी सांगितलं हे कोणाला कळू देऊ नको. हुकूम एकाचा असतो. दोघांचा झाला की त्याची चर्चा होते.

कणसं भाजायला शेजारची ज्योती येते. मीठ जास्त लावते.

शालिग्राम


सुरत
३ ऑक्टोबर २०२३

आबा,

हुकूम दिला. ऑगस्टच्या शेवटी बैठक घेतली, गणपतीच्या मंडपाची कामं चालली होती तिथेच. कृपया काढलं. दोन पाळ्या चुकवणाऱ्याच्या घरी मंडळ जाणार नाही. हर्षलने टाळ्या वाजवल्या, मग इतरांनी वाजवल्या.

गेल्या मंगळवारी रोहिदास गेला. सचिन भागातल्या डाइंग कारखान्यात होता. कामावरच छातीत दुखलं. तुम्हाला आठवत असेल, उंच, मान वाकवून चालायचा. त्याच्या दोन्ही पाळ्या चुकल्या होत्या. कंपनी त्याला सोडत नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. नियमात कंपनीचं काही लिहिलेलं नव्हतं. मी लिहिलं नव्हतं.

मंडळ येणार नाही हे त्याच्या बायकोला, वर्षाला, खरं वाटलं नाही. ती दार उघडं टाकून बसली होती. गल्लीतले लोक आपापल्या दारात उभे होते. कोणी आत गेलं नाही, कोणी दार लावलंही नाही. मयताची गाडी आली. ड्रायव्हर गुजराती होता. त्याने विचारलं, "बीजुं कोण आवे छे?" आणखी कोण येतं म्हणून. वर्षाने तिच्या भावाकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, एवढ्या लांब दोघांनी कसं न्यायचं? मग सुरतेतच जाळलं. गावी त्याचा बाप आहे. त्याने तोंड पाहिलं नाही.

हे मला चेतनने सांगितलं. मी त्या दिवशी बँकेत गेलो होतो.

रविवारी वर्षा रस्त्यात भेटली. मी नमस्कार केला. म्हणाली, "दादा, तुमच्या मंडळात मरायचीपण पाळी असते का? आमची कधी होती ते सांगितलं नाहीत."

परवा लिंबायतला एक मयत झालं. मागची गाडी भरली. दुसरी मागवावी लागली. लोक पाळी नसताना आले. टपरीवर जो हसला होता, तो सगळ्यांच्या आधी चढून बसला. गावात आम्ही उतरत होतो, उतरत होतो, आणि तिथले लोक बघत होते.

हुकूम चालला, आबा.

निखिल


बोरखेडी
९ ऑक्टोबर २०२३

चि. निखिल,

रोहिदासच्या बापाकडे जाऊन आलो. एस.टी.ने दोन तास लागले. त्याने पाणी दिलं. मंडळाचं नाव त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. तो म्हणाला, पोरगं कोणत्या स्मशानात जाळलं ते ठाऊक आहे का? मला ठाऊक नव्हतं.

वाईट झालं. पण चाललं. दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं खोटं होत नाही.

आता ढिला पडू नको. या वेळी ढिला पडलास तर तो उगीच गेला.

प्रमिलाबद्दल तू काही लिहिलं नाहीस.

शालिग्राम


सुरत
१४ डिसेंबर २०२३

आबा,

मी हुकूम मागे घ्यायचा प्रयत्न केला. घेता आला नाही.

तुमच्या पत्रानंतर मंडळ न गेलेली आणखी दोन घरं झाली. एक चेतनच्या खालच्या मजल्यावरचं. तिथली मुलगी, स्वाती, गल्लीत प्रत्येकाच्या पाया पडत गेली. लोकांनी पाय मागे घेतले. दुसऱ्यांदा करावं लागणार नाही, असं तुम्ही लिहिलं होतं.

मग मी बैठक बोलावली. म्हणालो, नियम काढून टाकू, माणसं आता यायला लागली आहेत. हर्षल उठला. तो मला नेहमी साहेब म्हणतो. तेव्हाही साहेबच म्हणाला. "साहेब, हुकूम तुमचा होता तोवर कोणी ऐकलं का? आता तो मंडळाचा आहे. तुम्ही कोण काढणारे?" मी म्हणालो, मी अध्यक्ष आहे. तो म्हणाला, "आहात ना. बसा." लोक हसले नाहीत. त्यांनी हसायला हवं होतं असं मला वाटलं.

नंतर जिन्यात एक जुना सभासद भेटला. तुमच्या हाताखाली लूमवर होता. मी त्याला विचारलं, आबांच्या वेळी असं कधी करावं लागलं का? तो म्हणाला, "आबांच्या बोटाला कोण भीत होतं? बोटामागे कारखाना होता. जॉबर माणूस, लूम वाटून देणारा. नाही गेलो तर दुसऱ्या दिवशी लूम मिळायचा नाही." मी म्हणालो, आबांनी कधी कोणाचा लूम काढला नाही. तो म्हणाला, "काढला नाही. काढू शकत होते."

हे तुम्हाला लिहावं की नाही, ठरत नव्हतं. लिहिलं.

आणखी एक. हे मी ऑक्टोबरमध्ये लपवलं होतं. चेतनच्या दोन पाळ्या चुकल्या आहेत. दोन्ही वेळा तो काकूंबरोबर दवाखान्यात होता. एकदा मी त्याचं नाव गाळलं. हर्षलने ते परत घातलं. मी म्हणालो, आबांच्या घराला तरी सूट द्या. हर्षल म्हणाला, "देऊ. मग वर्षावहिनीला जाऊन तुम्ही सांगा." यावर तुम्हाला काही उत्तर सुचलं तर कळवा.

काकू थकल्या आहेत. डॉक्टर आता मशीनची वेळ वाढवत नाहीत, कमी करतात. चेतन त्याचा अर्थ विचारत नाही.

माझं कोणी ऐकणार नाही, पण तुमचं ऐकतील. अजून ऐकतील. चार ओळी लिहा, की नियम मोडा, काकूंना घेऊन या. मी बैठकीत वाचून दाखवतो. मागची गाडी भरेल.

निखिल


बोरखेडी
२७ जानेवारी २०२४

चि. निखिल,

उशीर झाला. तुझं पत्र बरेच दिवस वाचत होतो.

कारखान्याचं त्याने बरोबर सांगितलं असेल. त्यांना ठाऊक होतं. मलाच ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, ते माझ्या शब्दावर उठतात. बायको उशिरापर्यंत चूल पेटती ठेवायची त्यांच्यासाठी, म्हणून उठतात असंही वाटायचं. असो.

चार ओळी लिहिणार नाही.

नियम माझा आहे. तू माझं नाव घेतलं नाहीस, ते चांगलं केलंस. पण मी आणि तू जाणतो. रोहिदासला कोणी खांदा दिला नाही तो माझ्या सांगण्यावरून. त्याच्या बापाच्या घरचं पाणी मी प्यालो. आता माझ्या दारी नियम वाकवला तर मी त्या म्हाताऱ्यासमोर कोणतं तोंड घेऊन जाऊ? आणि त्या स्वातीला तू काय सांगशील?

प्रमिला गेली की चेतनने तिला घेऊन यावं. मंडळाने येऊ नये. मागे गाडी नको. तूही येऊ नकोस. आबांनी सांगितलं आहे, असं सगळ्यांना सांग. या वेळी माझं नाव घेऊन सांग.

तिला हे कळू देऊ नका. तिने विचारलं तर गाडी ठरवली आहे म्हणा.

शालिग्राम


सुरत
२ मार्च २०२४

आबा,

हे पत्र चेतनच्या खिशात देतो आहे. काकू पहाटे गेल्या. त्रास झाला नाही. काल दुपारी त्यांनी विचारलं होतं, गाडीत बसणाऱ्यांच्या जेवणाचं काय केलं? मी म्हणालो, सोनगडला सोय केली आहे. त्या म्हणाल्या, तिथे तिखट फार घालतात.

तुमचं सांगणं ग्रुपवर लिहिलं होतं. तरी सकाळी माणसं जमली. टपरीपासून चेतनच्या जिन्यापर्यंत गल्ली भरली होती. डायपर-गोळ्या विकणारा मेडिकलवालाही शटर ओढून उभा होता. वर्षा आली होती. ती जिना चढून वर गेली आणि काकूंना तिने आंघोळ घातली. तिला कोणी अडवलं नाही.

पुरुषांनी पायांत चपला घातल्या होत्या, हातात पिशव्या होत्या. कोणीतरी टेम्पो ट्रॅव्हलर आणून कोपऱ्यावर लावली होती. कोणी आणली ते मी विचारलं नाही. हर्षल माझ्याजवळ आला. डोळे लाल होते. म्हणाला, "साहेब, जायचं का? तुम्ही म्हणा फक्त." मी म्हणालो, आबांचा हुकूम आहे.

तो मागे सरला. मग सगळे मागे सरले. मयताच्या गाडीला जायला वाट झाली. ट्रॅव्हलर रिकामी परत गेली.

मलाही यायचं होतं. आलो नाही.

इतकी वर्षं मंडळ पाहतो आहे. इतकं कोणाचं ऐकलेलं पाहिलं नव्हतं. तुमच्यामागे आता कारखाना नाही, तरी एकही माणूस चढला नाही. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

निखिल


बोरखेडी
२० मार्च २०२४

निखिल,

दिवस झाले. सगळं रीतीने झालं. चेतन परत आला की तो सांगेल, पण तो सांगणार नाही, म्हणून मी लिहितो.

गाडी दुपारी आली. मी ओट्यावर होतो. सगळं गाव होतं. चेतन उतरला, ड्रायव्हर उतरला. लोकांनी रस्त्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मागची गाडी येते आहे, नवापूरला मागे पडली असेल.

असं मी का म्हणालो, ते मला सांगता येणार नाही. तोंडातून गेलं. मग थांबावंच लागलं. तिला अंगणात ठेवली. ऊन सरकलं तसा तिच्यावर धरलेला कपडा सरकवत होतो. चेतनने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. त्याने मला खोटं पाडलं नाही. भाऊबंदांनी विचारलं, आबा, किती लांब आहे? मी म्हणालो, येईल. एक ट्रक आला, तेव्हा सगळे उठून उभे राहिले. मीही उठलो. ट्रक उसाचा होता.

मग भावकीतली सरलाबाई म्हणाली, भाऊजी, आता नका थांबू, दिवस जाईल. मी म्हणालो, उचला.

चेतनने तुझं पत्र रात्रीच्या जेवणानंतर दिलं. ते पायांत चपला घालून उभे होते, हे तू लिहिलं नसतंस तर बरं झालं असतं.

ज्याच्या घरी मयत होतं तो म्हणतोच, येऊ नका, कामं बुडवू नका. तुझे वडील, मधुकर सर, गेले तेव्हा मी तापाने पडलेलो होतो. तू माझ्या दारी आलास आणि म्हणालास, आबा, तुम्ही उठू नका, मी तुम्हाला येऊ देणार नाही. तुझा तो हुकूमच होता. मी आलो. तुझ्या बापाच्या तिरडीला डाव्या बाजूने मी होतो. तू बघितलंस आणि काही बोलला नाहीस.

मी लोकांना आयुष्यभर जा म्हणालो, आणि ते गेले. येऊ नका हे एकदाच म्हणालो. ते कसं ऐकायचं असतं हे तुम्हाला माहीत आहे, असं मी धरून चाललो. मंडळाला मी ते कधी शिकवलं नव्हतं. आम्हालाही कोणी शिकवलं नव्हतं.

तुझी चूक नाही. तू ऐकलंस.

आला असतास तर मी तुला गावासमोर शिव्या दिल्या असत्या, माझा शब्द मोडला म्हणून. मग हाताला धरून ओट्यावर बसवलं असतं.

शालिग्राम